डोळ्यांभोवतीची त्वचा : थोडी जपणूक, थोडी पारख

मानवी शरीरावरील सर्वांत पातळ त्वचा पापणीवर असते. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही कमी भरते. गालाच्या त्वचेखाली चरबीचा जो थर असतो तो येथे जवळजवळ नाही; स्निग्धता पुरविणाऱ्या ग्रंथीही मोजक्याच. त्यातून या पातळ पडद्याला विश्रांती ठाऊक नाही. जागेपणी आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी लववितो. सोळा तासांच्या जागरणाचा हिशेब मांडला, तर किमान चौदा हजार वेळा ही त्वचा दुमडते आणि उलगडते. मळलेल्या, जुन्या नोटेची घडी प्रथम कोठे फाटते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना डोळ्याच्या कोपऱ्यातील सुरकुत्यांचे कारण निराळे सांगावयास नको.

आपल्या घरांमध्ये या त्वचेकडे दोनच प्रसंगी लक्ष जाते. मुलीचे लग्न ठरले की तिच्या डोळ्यांखालील काळी वर्तुळे सर्वांना एकाएकी दिसू लागतात. आणि साठी उलटल्यावर डोळ्यांखाली पिशव्या आल्या की वडीलधारी मंडळी ‘वय झाले’ म्हणून तो विषय मिटवितात. पहिल्या प्रसंगी गरजेपेक्षा अधिक खर्च होतो आणि दुसऱ्या प्रसंगी गरजेइतकीही चौकशी होत नाही. वास्तविक डोळ्यांभोवतीची त्वचा पातळ असल्यामुळेच शरीरातील अनेक उणिवा-अधिकांची नोंद तिच्यावर लवकर उमटते. कोणती नोंद किरकोळ समजावी आणि कोणती घेऊन तत्काळ वैद्यांकडे जावे, एवढा विवेक घरातील प्रत्येकाला हवा.

प्रथम काळ्या वर्तुळांविषयी. ती सगळी एका जातीची नसतात. खालची पापणी बोटाने हलकेच ताणून आरशात पाहावे. काळेपणा जसाच्या तसा राहिला, तर तो त्वचेतील रंगद्रव्याचा. आपल्याकडे हाच प्रकार फार आढळतो आणि पुष्कळदा तो आई-वडिलांकडूनच आलेला असतो. त्वचा ताणल्यावर निळसर छटा अधिक गडद झाली, तर पातळ त्वचेखालील रक्तवाहिन्या दिसत आहेत असे समजावे. आणि दिव्याकडे तोंड करून पाहताच काळेपणा नाहीसा झाला, तर ती डोळ्याखालच्या खळगीची केवळ सावली असते; सावलीवर मलम चोळून काय होणार? म्हणूनच एकीच्या मैत्रिणीला लागू पडलेले क्रीम दुसरीला लागू पडत नाही.

रक्तक्षयामुळे चेहरा फिकट पडतो आणि ही वर्तुळे अधिक उठून दिसतात. घरातील मुलगी सतत थकलेली असेल, जिना चढताना तिला धाप लागत असेल, तर क्रीमच्या आधी हिमोग्लोबिनची तपासणी करावी. ती स्वस्तही पडते. जेवणाबरोबर अथवा जेवण संपताच चहा घेण्याची आपल्या दुकानदार मंडळींची सवय लोहाच्या शोषणाला मारक आहे. वरणावर लिंबू पिळणे मात्र उपकारक. चातुर्मासात ज्या घरांत पालेभाज्या वर्ज्य असतात, तेथे डाळी, कडधान्ये, तीळ आणि अळीव यांकडे अधिक लक्ष द्यावे. रक्तक्षय ठरलाच तर वैद्यांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात.

वर्तुळांचे आणखी एक मोठे कारण म्हणजे डोळे चोळणे. धुळीची अॅलर्जी असलेली मुले दिवसभर डोळे चोळतात. चोळण्याने त्वचा काळवंडते, जाड होते, पापण्या सैल पडतात. त्याहून गंभीर बाब अशी की, लहान वयात सतत जोराने डोळे चोळण्याचा संबंध बुबुळाचा आकार शंकूसारखा होण्याच्या विकाराशी आढळून आला आहे. या विकारात दृष्टी अधू होते. तेव्हा मुलाच्या हातावर चापट मारण्याऐवजी त्याच्या खाजेवर औषध करावे. आपल्या व्यवसायात तर हाताला काय काय लागते याची गणतीच नाही : हळद, तिखट, कापडावरील खळ, सिमेंट, तंबाखू. बँकेत असताना मिरचीच्या व्यापाऱ्याचा भरणा आला की, नोटा मोजून होईपर्यंत डोळ्याला हात लावावयाचा नाही, असा आमच्या रोखपालांचा अलिखित नियम होता. गल्ल्यावर बसणाऱ्यानेही तो पाळण्यासारखा आहे.

हाताने पापणीपर्यंत पोहोचणाऱ्या वस्तूंचा एक नवलाचा भाग येथेच सांगतो. पापणीवर पुरळ उठते, खाज सुटते, सूज येते; पापणीला तर काहीच लावलेले नसते. मग वैद्य नखांकडे पाहतात. नेलपॉलिशची अॅलर्जी बोटांवर न दिसता पापणीवर दिसते, कारण बोटांची त्वचा जाड आणि पापणीची पातळ. केसांना लावलेल्या काळ्या रंगाचेही तसेच. त्यातील पॅरा-फेनिलिनडायअमिन हे द्रव्य काहींना मुळीच सोसत नाही. रंग डोक्याला लावावा आणि एक-दोन दिवसांत डोळे सुजून मिटावेत, असे होते. लग्नसराईत चटकन रंगणारी म्हणून जी काळी मेंदी मिळते, तिच्यातही बहुधा हेच द्रव्य मिसळलेले असते. नुसत्या मेंदीचा रंग तांबूस असतो, काळा कधीच नसतो. एकदा का शरीराने या द्रव्याशी वैर धरले की ते जन्मभर टिकते. म्हणून प्रत्येक वेळी रंग लावण्याच्या ४८ तास आधी तो कानामागे किंचित लावून पाहावा, अशी सूचना वेष्टनावर छापलेली असते. ती वाचणारे विरळाच.

घरगुती उपायांचे काय? डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवाव्यात, असे पुष्कळ ठिकाणी छापून येते. आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात बटाटा येतच नाही. पण त्यावाचून काही अडलेले नाही. काकडी असो, बटाटा असो, गुलाबपाण्याचा बोळा असो, गुण येतो तो गारव्याचा. गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सूज उतरते. स्वच्छ मऊ फडके गार पाण्यात पिळून दहा मिनिटे ठेवले, तरी तेच कार्य होते. लिंबाचा रस, बेकिंग सोडा, टूथपेस्ट यांना मात्र डोळ्यांच्या आसपास फिरकू देऊ नये.

सकाळी डोळ्यांखाली येणारी हलकी सूज ही बहुधा रात्रीच्या पापड-लोणच्याची अथवा अपुऱ्या झोपेची पावती असते आणि दुपारपर्यंत ओसरते. ती ओसरत नसेल, रोज वाढत असेल, जोडीला पायावर सूज अथवा लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात असण्याचा संभव असतो. लहान मुलांमध्ये या विकाराची पहिली खूण पुष्कळदा सकाळी सुजलेले डोळे हीच असते आणि घरातील माणसे तिला ‘डोळे आले’, ‘काहीतरी चावले’ म्हणून चार दिवस दवडतात. थायरॉइडच्या मंदपणातही डोळ्यांभोवती फुगीरपणा येतो.

काजळ आणि सुरमा

काजळ हा आपल्याकडे प्रसाधनाचा विषय जेवढा, तेवढाच मायेचा. नात जन्मली की आजी तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरून काजळ पाडते. या काजळीत मुख्यतः कार्बन असतो. तो विषारी नाही. परंतु बोटाने ते तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालताना बोटावरील जंतू डोळ्यांत जातात, अश्रुनलिका बंद होण्यास निमित्त मिळते आणि डोळा चिकटू लागतो. काजळ घातल्याने डोळे मोठे होतात, या समजुतीला कसलाही आधार नाही. दृष्टीचा तीट कपाळाच्या कडेला किंवा तळपायाला लावावा. आजीचीही हौस राहते आणि बालरोगतज्ज्ञांचीही तक्रार राहत नाही.

सुरम्याची गोष्ट निराळी आणि अधिक गंभीर आहे. परंपरेने सुरमा ज्या चकचकीत काळ्या दगडापासून करतात, तो दगड म्हणजे गॅलेना, अर्थात शिशाचे सल्फाइड. बाजारात उघड्यावर किंवा बिननावाच्या डबीत मिळणारा सुरमा या प्रकारचा असू शकतो. डोळ्यांतून ओघळलेला सुरमा हाताला लागतो, हात तोंडात जातो आणि शिसे पोटात. वाढत्या वयातील मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितले आहे. यात्रेहून आणलेली भेट म्हणून असली डबी घरात आली, तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि वापरूही नये. काजळ घ्यावयाचे तर वेष्टनावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि मुदत छापलेली असलेलेच घ्यावे. एक काजळपेन्सिल नणंद-भावजयींनी मिळून वापरणे हे कौटुंबिक जिव्हाळ्याचे लक्षण असेलही, डोळ्यांच्या संसर्गाचे ते हमखास कारण आहे. रात्री झोपण्यापूर्वी खोबरेल तेलाच्या अथवा साध्या पेट्रोलियम जेलीच्या बोळ्याने काजळ हलक्या हाताने उतरवावे, घासू नये.

गोरेपणाचा सोस

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, त्याकडे वळतो. औषधाच्या दुकानात जाऊन ‘काळ्या डागांवर काहीतरी द्या’ असे सांगितले, की पुष्कळदा स्टेरॉइड असलेले मलम हाती पडते. आठ दिवसांत रंग उजळतो, घरातील सर्व खूश होतात आणि दुसरी नळी येते. माझ्या परिचयातील एका कुटुंबातील नववधूने असे मलम डोळ्यांखाली सात-आठ महिने लावले. त्वचा पातळ होऊन लाल शिरा दिसू लागल्या आणि मलम थांबवताच चेहऱ्याची आग होऊ लागली. ती पूर्ववत होण्यास वर्ष गेले. तिचे नशीब इतकेच की डोळे वाचले. पापणीच्या पातळ त्वचेतून स्टेरॉइड सहज आत शिरते. दीर्घकाळ वापर झाल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू आणि पुढे मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठविला आहे. २०१८ साली केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइड मलमांना वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई करणाऱ्या परिशिष्टात घातले. कायदा आहे, दुकानातील सवय मात्र एका अधिसूचनेने बदलत नाही. नळीवर बारीक अक्षरांत बीटामेथॅसोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही नाव असेल, तर वैद्याने स्वतः लिहून दिल्याखेरीज आणि किती दिवस हे सांगितल्याखेरीज ते डोळ्यांजवळ नेऊ नये. औषधांच्या व्यापारात असलेले बांधव या मासिकाच्या वाचकांत पुष्कळ आहेत. चिठ्ठीवाचून आलेल्या ग्राहकाला नकार दिल्याने त्यांचे जे चार पैसे जातात, त्यांची किंमत कोणाच्या तरी डोळ्यांशी ताडून पाहावी.

बिननावाच्या अथवा परदेशी लिपीतील गोरेपणाच्या क्रीममध्ये दुसरा धोका पाऱ्याचा असतो. मिनामाता करारात अशा प्रसाधनांतील पाऱ्याची मर्यादा पूर्वी दशलक्षात एक भाग अशी होती; आता त्यांत पारा मिसळण्यासच मनाई आहे. प्रत्यक्षात हजारो पटींनी अधिक आढळल्याची प्रकरणे आहेत. केरळमधील कोट्टक्कल येथील वैद्यांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदविले. त्यांपैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरीत असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. वर सुजलेल्या डोळ्यांविषयी लिहिले, तो हाच मार्ग : डोळ्यांखालचा काळेपणा घालविण्यासाठी लावलेला पारा मूत्रपिंडापर्यंत जातो आणि परत डोळ्यांखाली सूज होऊन प्रकट होतो.

डबीवरची बारीक अक्षरे

खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील हिरवा ठिपका पाहण्याची आपल्याला सवय आहे. प्रसाधनाच्या डबीवर तो दरवेळी आढळेलच असे नाही, म्हणून घटकद्रव्यांची यादी वाचावी लागते. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण. कारमाइन, म्हणजेच सीआय ७५४७०, हा लाल रंग कोचिनिल नावाच्या किड्यांपासून काढतात. डोळ्यांवरील चमकीत असणारे ग्वानीन, सीआय ७५१७०, माशांच्या खवल्यांतून येते. स्क्वालीन हे मूळचे शार्क माशाच्या यकृतातले. अलीकडे तेच द्रव्य ऑलिव्ह आणि उसापासूनही तयार होते, पण यादीत त्याचे उगमस्थान लिहिलेले नसते. काजळपेन्सिल आणि मस्कारा यांत मधमाश्यांचे मेण सर्रास वापरतात. त्याऐवजी कार्नाउबा किंवा कॅन्डेलिला हे वनस्पतिजन्य मेण असलेली पेन्सिल मिळते. कोलॅजेन मासे अथवा जनावरांपासून मिळते, आणि त्याचा रेणू एवढा मोठा असतो की वरून लावलेले कोलॅजेन त्वचेत शिरून सुरकुत्या भरून काढीत नाही. तेव्हा ते टाळण्यात धर्म आणि व्यवहार दोन्ही साधतात. पेट्रोलियम जेली आणि झिंक ऑक्साइड खनिज आहेत. प्राण्यांवर प्रसाधनांची चाचणी करण्यास भारतात २०१४ सालापासून बंदी आहे.

‘डोळ्यांसाठी खास’ अशा कुपीविषयी एक व्यापारी सूचना. किंमत पाहू नये, दर मिलिलिटरचा भाव काढावा. पुष्कळदा त्याच कंपनीच्या सुगंधविरहित साध्या मॉइश्चरायझरमध्ये तेच ग्लिसरीन आणि तेच सेरामाइड असते, कुपी मोठी आणि भाव कमी. सुगंध मात्र नसावा. पापणीच्या पुरळाचे ते नेहमीचे कारण आहे. रेटिनॉलने सुरकुत्या काहीशा कमी होतात हे खरे, पण ते या त्वचेला झोंबते आणि गर्भवतीने ते वापरू नये. क्रीम मटराच्या दाण्याहून कमी घ्यावे, अनामिकेने टिपल्यासारखे लावावे, आणि तेही डोळ्याच्या खोबणीच्या हाडावर, पापणीच्या कडेला नव्हे. या सर्वांपेक्षा अधिक उपयोग होतो तो उन्हात टोपी व अतिनील किरण अडविणारा चष्मा वापरण्याचा.

पिवळा डाग आणि न जाणारी रांजणवाडी

नाकाजवळच्या कोपऱ्यात पापणीवर पिवळसर, मऊ, किंचित उंच असा डाग येतो. दुखत नाही, खाजत नाही. त्याला झॅन्थेलाझ्मा म्हणतात आणि त्यात चरबी साठलेली असते. अशा निम्म्या लोकांचे कोलेस्टेरॉल तपासणीत योग्य निघते, म्हणून पूर्वी त्याला फारसे महत्त्व देत नसत. कोपनहेगन शहरात १९७६ ते १९७८ या काळात तपासलेल्या १२,७४५ व्यक्तींचा पुढे तीस-एक वर्षे मागोवा घेण्यात आला. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने तो अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी ४.४ टक्के लोकांना असे डाग होते. त्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या जवळपास दीडपट आढळला, आणि कोलेस्टेरॉलसारखी कारणे हिशेबात घेऊनही तो उरला. लिओनार्दोच्या मोनालिसाच्या डोळ्याजवळही असा डाग दिसतो, असे काही वैद्यांनी लिहिले आहे, ते असो.

आमच्या शाखेचे एक जुने खातेदार, कापडाचे व्यापारी, हा डाग घालविण्यासाठी कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ल लावून घेण्याच्या बेतात होते. त्यांच्या सुनेने, ‘दादाजी, आधी रक्त तपासू या,’ असा आग्रह धरला. पूर्ण शाकाहारी, रात्रिभोजन नाही, व्यसन नाही, मग कोलेस्टेरॉल कोठून, असा त्यांचा प्रश्न होता. ते कुटुंबातून येते, तसेच वनस्पती तुपातल्या फरसाणातून आणि दिवसभर गादीवर बसण्यातूनही येते. तपासणीत आकडा बराच वर निघाला. औषधे सुरू झाली, सकाळचे चालणे सुरू झाले. डाग अजून आहे आणि ते अजून दुकानात येतात.

दुसरी खूण रांजणवाडीची. तरुणपणी येणारी रांजणवाडी गरम शेकाने आठ-दहा दिवसांत बसते. पन्नाशीनंतर मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, ती दुखत नसेल आणि तेवढ्याच जागेच्या पापण्यांचे केस गळले असतील, तर ती रांजणवाडी नसून पापणीतील तैलग्रंथीचा कर्करोग असू शकतो. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा प्रकार अधिक आढळतो. काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास पाठविली पाहिजे, आणि रुग्णाने तसे स्वतः विचारले पाहिजे. वेळीच काढली तर डोळा आणि प्राण दोन्ही वाचतात.

आपल्या संस्था गावोगावी नेत्रशिबिरे भरवितात. तेथे रांगेतील प्रत्येकाचा मोतीबिंदू पाहिला जातो. डॉक्टरांसमोर माणसे पुष्कळ असतात आणि वेळ थोडा. घरातील वृद्धांना तेथे नेताना त्यांचा चष्मा उतरवून पापणीवरील डाग अथवा गाठ आपण होऊन दाखवावी, किती दिवसांपासून आहे ते सांगावे, आणि कोणते मलम लावीत असतील तर त्याची नळी बरोबर न्यावी.